झिलई पक्की की कच्ची?

पुण्या-मुंबईतल्या हस्तकला प्रदर्शनांत हाताने घडवलेल्या सिरॅमिक भांड्यांचा एखादा तरी स्टॉल हल्ली असतोच. निळसर-हिरवट मग, वाळूच्या रंगाचे वाडगे, कडेला तपकिरी ओघळ उतरलेल्या ताटल्या. ग्राहक कप उचलतो, टिचकी मारून बघतो, किंमत विचारतो आणि मग दोन ठरलेले प्रश्न येतात. मायक्रोवेव्हमध्ये चालेल का? डिशवॉशरमध्ये चालेल का? तिसरा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारते : यात लिंबाचे सरबत, ताक किंवा चिंचेचे सार ठेवले तर चालेल का? आरोग्याच्या दृष्टीने खरे तर हाच प्रश्न आधी यायला हवा. त्याचे उत्तर भांड्याच्या रंगात, वजनात किंवा चकाकीत सापडत नाही. भट्टीत जाण्यापूर्वी आणि भट्टीच्या आत त्या भांड्याचे काय झाले, यावर ते अवलंबून असते.

भांड्यावरच्या ज्या चकचकीत थराला आपण झिलई म्हणतो आणि पॉटर मंडळी ग्लेझ म्हणतात, तो थर म्हणजे रंग नव्हे. ती काच आहे. खिडकीची काच साच्यात किंवा सपाट ओतली जाते, झिलईची काच भांड्याच्या अंगावरच वितळवली जाते, एवढाच फरक. काचेचा मूळ घटक सिलिका, म्हणजे गारगोटीत आणि वाळूत असते तेच द्रव्य. शुद्ध सिलिका वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस तापमान लागते. एवढ्या उष्णतेत मातीचे भांडेच वितळून बसेल. म्हणून सिलिकेचा वितळणबिंदू खाली आणणारी द्रव्ये तिच्यात मिसळावी लागतात. फेल्डस्पारमधून येणारे सोडियम आणि पोटॅशियम, खडूतून येणारे कॅल्शियम, शिवाय बोरॉन आणि जस्त ही कामे करतात. पण नुसती पातळ झालेली काच उभ्या भिंतीवरून ओघळून खाली येईल. तिला चिकटपणा देऊन जागेवर धरून ठेवण्यासाठी अ‍ॅल्युमिना हवे आणि ते पांढऱ्या चिनी मातीतून मिळते. काच करणारे, वितळवणारे आणि धरून ठेवणारे अशा तिघांचे प्रमाण जमले की झिलई जमली. हे प्रमाण बिघडले तरी भांडे चमकू शकते, आणि सगळा घोळ इथेच आहे. काच नीट बांधली गेली असेल तर तिच्यातले धातू तिच्याच जाळीत अडकून राहतात. बांधणी सैल असेल तर आंबट पदार्थ त्यांना हळूहळू बाहेर काढतो. वरून दोन्ही झिलया सारख्याच दिसतात.

छोट्या स्टुडिओतल्या कामाचा क्रम पाहिला की ही बांधणी कुठे कुठे बिघडू शकते ते कळते.

चाकावर घडवलेले भांडे आधी पूर्ण वाळवले जाते. त्यानंतर पहिली भाजणी होते, तिला बिस्क म्हणतात. सुमारे ९०० ते १००० अंशांपर्यंतची ही भाजणी मुद्दाम सावकाश केली जाते. शंभर अंशांच्या आसपास मातीत उरलेले पाणी वाफ होऊन निघते. तापवण्याची घाई केली तर ही वाफ भांड्याचे तुकडे करते आणि शेजारच्या दोन-चार भांड्यांनाही सोबत घेऊन जाते. साधारण ४५० ते ६०० अंशांच्या पट्ट्यात मातीच्या कणांमध्ये रासायनिकरीत्या बांधलेले पाणी सुटते. यानंतर माती पुन्हा माती होत नाही, कितीही भिजवली तरी. ५७३ अंशांवर मातीतल्या क्वार्ट्झच्या स्फटिकांची रचना बदलते आणि ते अचानक थोडे फुगतात. थंड होताना याच तापमानाला ते आकसतात. भट्टी घाईने थंड केली की भांड्याला आरपार चीर जाते ती बहुधा इथेच. त्याच सुमारास आणि त्यानंतर मातीतला सेंद्रिय अंश आणि गंधक जळून जातो. तो पूर्ण जळला नाही तर दुसऱ्या भाजणीत वायू होऊन झिलईतून बाहेर पडतो आणि काचेवर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे ठेवतो.

बिस्क झालेले भांडे विटकरी किंवा फिकट गुलाबी दिसते, खडूसारखे कोरडे लागते आणि जिभेला लावले तर चिकटते. त्याच्या अंगभर सूक्ष्म छिद्रे असतात. धारावीच्या कुंभारवाड्यातला माठ अशाच छिद्रांच्या जोरावर पाणी थंड करतो. पाणी पाझरते, बाहेर येऊन उडून जाते आणि जाताना आतली उष्णता घेऊन जाते. माठाला छिद्रे हवीत. कपाला ती नकोत. पण झिलई लावण्याच्या वेळी याच छिद्रांचा पॉटरला उपयोग होतो.

झिलई लावण्याचा दिवस दुरून पाहणाऱ्याला स्वयंपाकघरासारखा वाटतो. तराजूवर भुकट्या मोजल्या जातात, पाण्यात कालवल्या जातात, बारीक चाळणीतून दोनदा गाळल्या जातात. मिश्रण साधारण पातळ सायीइतके झाले की भांडे चिमट्यात धरून दोन-तीन सेकंद बादलीत बुडवायचे. सच्छिद्र भिंत पाणी शोषून घेते आणि भुकटी बाहेर थर होऊन बसते. या थराची जाडी पोस्टकार्डाहून थोडी जास्त, म्हणजे मिलिमीटरच्या आत-बाहेर असते. भांडे एखादा सेकंद जास्त बुडाले तर थर जाड होतो, भट्टीत ओघळतो आणि भांडे फळीला कायमचे चिकटते. कमी बुडाले तर काच पुरेशी होत नाही आणि पृष्ठभाग खडबडीत राहतो. म्हणून बरेच पॉटर मिश्रणाचे आपेक्षिक घनत्व मोजून वहीत टिपून ठेवतात. बुडाला आधीच मेण लावलेले असते, म्हणजे तिथे झिलई बसत नाही. उरलीसुरली ओल्या स्पंजने पुसून काढतात. रोजच्या कपाच्या तळाला जे खरखरीत, उघड्या मातीचे कडे दिसते ते याचमुळे.

या दिवसाचा धोका खाणाऱ्याला नसून करणाऱ्याला असतो. तो भट्टीत नाही, धुळीत आहे. फेल्डस्पार, क्वार्ट्झ, चिनी माती या भुकट्यांत स्फटिकरूप सिलिका असते. तिचे अतिसूक्ष्म कण, साधारण दहा मायक्रॉनहून लहान आणि म्हणून माणसाच्या केसाच्या जाडीच्या कित्येक पटींनी बारीक, डोळ्यांना दिसत नाहीत आणि तासन्‌तास हवेत तरंगतात. नाकातले केस आणि श्वासनलिकेतला चिकट स्राव जाड धूळ अडवतात. हे कण मात्र फुप्फुसाच्या शेवटच्या कप्प्यांपर्यंत पोहोचतात. तिथे शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मरतात, कण मोकळे होतात, नव्या पेशी येऊन त्यांना पुन्हा गिळतात. या चक्रात फुप्फुसात व्रणासारख्या गाठी साचत जातात. हाच सिलिकोसिस. तो बहुधा दहा-वीस वर्षांनी उघडा पडतो आणि उलटत नाही. सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षयाचा धोकाही वाढतो, आणि आपल्या देशात ही बाब दुय्यम मानता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिक सिलिकेला १९९७ मध्येच माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात घातले.

१९४८च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिस आणि शिशाची विषबाधा हे दोन्ही आजार सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्यांच्या यादीत ठेवले. पण घराच्या गॅलरीत किंवा गॅरेजमध्ये एकट्याने चालवलेला स्टुडिओ कारखान्याच्या व्याख्येत बसत नाही. तिथे तपासायला कोणी निरीक्षक येत नाही. शिस्त ज्याची त्याने पाळायची. ही शिस्त महागडी नाही. वाळलेली माती झाडूने कधी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. भुकटी पाण्यात टाकायची, भुकटीवर पाणी ओतायचे नाही. मोजताना आणि कालवताना चेहऱ्याला नीट बसणारा एन-९५ दर्जाचा मास्क वापरायचा. साधा कापडी मास्क किंवा ओढणी इथे समाधानापलीकडे काही देत नाही. स्टुडिओतला अ‍ॅप्रन स्टुडिओतच धुवायचा. घरी नेऊन झटकला की तीच धूळ मुलांच्या खोलीत जाते. यातली सगळ्यात वारंवार मोडली जाणारी गोष्ट झाडूची. संध्याकाळी काम आटोपताना फरशीवरून झाडू फिरवणे ही आपल्याकडे स्वच्छतेची खूण मानली जाते. मातीकामाच्या खोलीत ती दिवसातली सगळ्यात घातक पाच मिनिटे असू शकतात.

भुकट्यांच्या डब्यांत आणखी काही सावध राहण्याजोग्या गोष्टी असतात. तपकिरी-जांभळ्या छटेसाठी मँगनीज वापरतात. त्याची धूळ आणि भट्टीतली वाफ दीर्घकाळ श्वासात गेली तर मेंदूवर परिणाम होऊन कंपवातासारखी लक्षणे दिसू शकतात. काही मॅट झिलयांत बेरियम कार्बोनेट असते. बेरियमचे नाव अनेकांनी पोटाच्या एक्स-रेच्या निमित्ताने ऐकलेले असते आणि त्यामुळे ते निरुपद्रवी वाटते. एक्स-रेपूर्वी पाजतात ते बेरियम सल्फेट. ते विरघळत नाही, पोटातून जसेच्या तसे बाहेर पडते. कार्बोनेट जठरातल्या आम्लात विरघळते आणि विषारी ठरते. एकच धातू, पण कोणाबरोबर बांधला गेला आहे यावर त्याचा स्वभाव ठरतो. झिलईची सारी कहाणी हीच आहे.

भट्टी भरणे हे वेगळेच कसब. झिलई लावलेली भांडी एकमेकांना टेकली तर वितळून जोडली जातात, म्हणून बोटभर अंतर ठेवावे लागते. फळ्यांना अ‍ॅल्युमिना आणि चिनी मातीचा पातळ लेप दिलेला असतो, म्हणजे एखादा थेंब ओघळला तरी फळी वाचते. भरताना जागेचा लोभ होतोच. वीज तेवढीच जळणार, मग आणखी दोन वाट्या का घालू नयेत? पण दाटीवाटीने भरलेल्या भट्टीत उष्णता सारखी पोहोचत नाही. वरची भांडी पक्की होतात, तळाच्या कोपऱ्यातली थोडी कच्ची राहतात. एकाच भट्टीतून, एकाच दिवशी, एकाच बादलीतल्या झिलईचे दोन कप बाहेर येतात आणि त्यांतला एक दुसऱ्याइतका सुरक्षित नसतो.

हे कळावे म्हणून भट्टीत छोटे शंकू ठेवले जातात. पायरोमेट्रिक कोन या नावाने ते ओळखले जातात. बर्लिनच्या शाही पोर्सिलेन कारखान्यातले रसायनशास्त्रज्ञ हेरमान झेगर यांनी १८८६ साली त्यांची पद्धत प्रसिद्ध केली. शंकू झिलईसारख्याच द्रव्यांचे असतात आणि ठरावीक प्रमाणात भाजले गेले की मान टाकतात. आता डिजिटल तापमापक असताना या जुन्या गोष्टीची गरज काय, असा प्रश्न पडू शकतो. उत्तर कोणत्याही स्वयंपाक करणाऱ्याला ठाऊक आहे. भाकरी किती आचेवर ठेवली एवढ्याने ती भाजली जात नाही, किती वेळ ठेवली हेही लागते. तापमापक फक्त तापमान सांगतो. शंकू तापमान आणि वेळ या दोहोंचा एकत्र परिणाम दाखवतो. स्टोनवेअरसाठी सर्रास वापरला जाणारा सहा क्रमांकाचा शंकू शेवटच्या टप्प्यात भट्टी सावकाश तापवली तर सुमारे १२२० अंशांना वाकतो, वेगाने तापवली तर त्यासाठी १२४० अंशांच्या आसपास जावे लागते. पडद्यावरचा आकडा गाठला म्हणून भट्टी बंद केली आणि शंकू ताठच उभा राहिला, तर आतली काच पूर्ण बांधली गेलेली नाही. कसलेले पॉटर वर, मधे आणि खाली असे तीन ठिकाणी शंकू ठेवतात आणि भट्टी उघडल्यावर आधी कपाकडे नव्हे, शंकूंकडे पाहतात.

छोट्या विजेच्या भट्टीत झिलईची भाजणी साधारण आठ ते बारा तास चालते. वरच्या तापमानाला दहा-पंधरा मिनिटे थांबतात, म्हणजे फुगलेले बुडबुडे फुटून काच सपाट होते. याच काळात आतली मातीही बदलत असते. तिची छिद्रे मिटत जातात, ती आकसते. ओल्या मातीपासून धरले तर स्टोनवेअरचे भांडे एकूण १० ते १३ टक्क्यांनी लहान होते. मग बंद भट्टी थंड होऊ द्यायची. याला अर्धा दिवस ते पूर्ण दिवस लागतो. पाहण्याची उत्सुकता कितीही असली तरी झाकण उघडायचे नाही.

गॅसच्या भट्टीत आणखी एक खेळ करता येतो. हवा कमी केली की ज्वाळेला ऑक्सिजन पुरत नाही आणि ती झिलईतल्या धातूंकडून तो ओढून घेते. एक-दोन टक्के लोह मोकळ्या हवेत पिवळसर-तपकिरी रंग देते. तेच लोह ऑक्सिजन हिरावल्यावर चीन-कोरियाच्या प्रसिद्ध सेलाडॉनचा शेवाळी निळा-हिरवा रंग देते. तांबे हवेत हिरवे, हवेविना रक्तासारखे लाल. दिसायला हे जादूसारखे आहे, पण अर्धवट जळणाऱ्या ज्वाळेतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. म्हणून अशी भट्टी उघड्यावर किंवा वर धुराडे असलेल्या मोकळ्या शेडमध्येच असावी. विजेची भट्टीही अगदी निर्दोष नसते. मातीतून गंधकाचे वायू आणि थोडा कार्बन मोनॉक्साइड तिच्यातूनही येतो. बेडरूमला लागून असलेल्या बंद बाल्कनीत रात्रभर भट्टी लावण्याची सोय कितीही मोहाची वाटली तरी ती टाळावी. झरोक्यातून पांढरट-पिवळ्या उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी पाहत राहणेही बरे नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या काच कारखान्यांत वितळलेल्या काचेकडे पाहणाऱ्या कामगारांमध्ये मोतीबिंदू वेळेआधी होतो, हे वैद्यकाला जुने माहीत आहे. गडद काचेचा चष्मा हा त्यावरचा साधा उपाय.

आता पुन्हा सरबताच्या कपाकडे वळू. झिलई कच्ची राहिल्याने माणसे खरोखर दगावली आहेत का? होय, आणि त्यात सर्वांत मोठा दोषी शिसे. शिशाचे ऑक्साइड सिलिकेला कमी तापमानात वितळवते, झिलई आरशासारखी सपाट करते आणि रंग खुलवते. ज्यांच्याकडे लाकडाची साधी भट्टी होती त्यांच्यासाठी ते वरदान होते. म्हणून पश्चिम आशियापासून युरोप-मेक्सिकोपर्यंत कित्येक शतके ते वापरले गेले. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात कुंभारांवर स्वतंत्र प्रकरण आहे. झिलईसाठी शिसे वाटणाऱ्या कुंभारांचे हात थरथरतात, पुढे लुळे पडतात, दात जातात आणि चेहरे निस्तेज होतात, हे त्यांनी तेव्हाच नोंदवले होते. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरच्या कारखान्यांत झिलईच्या पिंपात भांडी बुडवणाऱ्या कामगारांचे, त्यातही स्त्रियांचे, हाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सार्वजनिक चर्चेचा विषय झाले. कच्चे शिसे न वापरता ते आधीच सिलिकेबरोबर वितळवून, थंड करून, दळून मग वापरायचे, म्हणजे ते पोटातल्या आम्लात सहज विरघळत नाही, असा उपाय पुढे आला. अशा आधी वितळवलेल्या काचेच्या भुकटीला फ्रिट म्हणतात. कच्च्या शिशाच्या झिलईवर तिथे बंदी आली ती विसाव्या शतकाच्या मध्यावर.

तोवर धोका कारखान्यातल्या कामगाराचा समजला जात होता. १९७०मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अहवालाने तो घराच्या टेबलावर आणला. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये एका लहान मुलाचा शिशाच्या विषबाधेने मृत्यू झाला होता. हाताने बनवलेल्या, झिलई केलेल्या मातीच्या भांड्यात घरी सफरचंदाचा रस ठेवला जात होता. रस आंबट, भांडे शिशाच्या झिलईचे, आणि ठेवण्याचा काळ लांबलेला. मुलांच्या बाबतीत हे जास्त घातक असते, कारण पोटात गेलेल्या शिशापैकी मूल प्रौढाच्या चार-पाच पट जास्त भाग शोषून घेते आणि त्याचा वाढता मेंदू या धातूपुढे हतबल असतो. रक्तातले शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची आजची भूमिका आहे.

भांड्यातून किती शिसे सुटते हे मोजण्याची आंतरराष्ट्रीय प्रमाण चाचणी ऐकायला फार घरगुती आहे. भांड्यात चार टक्के अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे जवळपास व्हिनेगरच, भरायचे. २२ अंश तापमानाला २४ तास झाकून ठेवायचे. मग त्या द्रवात किती शिसे आणि कॅडमियम उतरले ते प्रयोगशाळेत मोजायचे. युरोपने १९८४ साली वाडगे-कप अशा खोलगट भांड्यांसाठी लिटरमागे शिशाची मर्यादा ४ मिलिग्रॅम आणि कॅडमियमची ०.३ मिलिग्रॅम ठेवली. आजच्या ज्ञानाच्या तुलनेत शिशाचा हा आकडा सैल वाटतो.

आज स्टुडिओत काम करणारे बहुतेक पॉटर शिसे विकतही घेत नाहीत. १२०० अंशांच्या पुढच्या भाजणीत त्याची गरजच उरत नाही, फेल्डस्पार आणि खडू तेच काम करतात. मग प्रश्न मिटला का? शिशाचा बराचसा मिटला. कच्च्या झिलईचा नाही. शिसे नसलेल्या झिलईतूनही तांबे, मँगनीज, बेरियम सुटू शकते. गडद हिरव्याच्या हौसेपायी तांब्याचे कार्बोनेट चार-पाच टक्क्यांच्या वर नेले की काचेच्या जाळीत सगळे मावत नाही, उरलेले आंबटाबरोबर बाहेर येते. तांब्याचा आणखी एक गुण असा की, शिशाच्या झिलईत ते घातले तर शिसे सुटण्याचे प्रमाण खूप वाढते. त्यामुळे कुठून तरी आलेल्या, जुन्या, स्वस्त, झगमगीत हिरव्या झिलईच्या मातीच्या भांड्याबाबत थोडा संशय बाळगणे शहाणपणाचे.

इंटरनेटवरून घेतलेली कृती हीदेखील एक गंमत आहे. तिकडची कृती तिकडच्या फेल्डस्पारसाठी आणि तिकडच्या भाजणीसाठी असते. राजस्थानातून आलेल्या फेल्डस्पारची रासायनिक घडण वेगळी असेल, तर तीच कृती इथे वेगळी काच देते. कधी चांगली, कधी सैल. म्हणूनच विचारी पॉटर प्रत्येक नव्या झिलईच्या छोट्या फरश्या आधी भाजतात. नंतर एक फरशी अर्धी व्हिनेगरमध्ये बुडवून दोन-तीन दिवस ठेवतात. बुडालेल्या भागाचा रंग उडाला किंवा चमक मंदावली, की ती झिलई खाण्याच्या भांड्यावर लावायची नाही. लिंबाची फोड रात्रभर ठेवूनही हेच पाहता येते आणि हा प्रयोग घरी कोणीही करू शकतो. मात्र त्याचा अर्थ एकाच बाजूने लागतो. रंग बदलला तर झिलई नक्की कच्ची. रंग बदलला नाही म्हणजे झिलई नक्की पक्की, असे मात्र म्हणता येत नाही, कारण शिसे रंगहीनच सुटते.

झिलईवर केसासारख्या रेषांची जाळी दिसते, तीही समजून घ्यायला हवी. थंड होताना काच मातीपेक्षा जास्त आकसली की ताणाने तिला तडे जातात. जपानी चहाच्या पेल्यांवर ही जाळी सौंदर्य मानली जाते. मूळ माती पूर्ण भाजून दगडासारखी झाली असेल तर फारसे बिघडत नाही. पण कमी भाजलेल्या सच्छिद्र मातीवर जाळी असेल तर तड्यांतून दूध-आमटी आत मुरते, धुऊन निघत नाही आणि तिथे जंतूंना आसरा मिळतो. असे भांडे मायक्रोवेव्हमध्ये अन्नाआधी स्वतःच तापते, कारण भिंतीत शिरलेले पाणी तापत असते. कपाच्या तळाच्या उघड्या कड्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. थेंब क्षणात शोषला गेला तर माती सच्छिद्र आहे.

घराघरातली लोणच्याची बरणी आठवा. तपकिरी-पांढरी, जाड, जड, तोंडाला दादरा बांधलेली. आंबट, खारट, तेलकट लोणचे वर्षभर ज्यात निवांत राहते ते भांडे उच्च तापमानाला भाजलेले स्टोनवेअर असते. मीठ आणि आम्ल धातूच्या डब्याला खातात, प्लॅस्टिकला वास धरतो, बरणीला काही होत नाही. आज्यांना झिलईचे रसायन माहीत नव्हते, पण कोणत्या भांड्यात काय ठेवायचे याची त्यांची पारख अचूक होती. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत एकोणिसाव्या शतकात झिलईच्या भांड्यांचा कारखाना निघाला होता. पुढे १९७१ साली पुद्दुचेरीत रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली आणि तिथे शिकलेल्यांनी देशभर उच्च तापमानाच्या स्टोनवेअरचे स्टुडिओ काढले. आज शहरांत मिळणाऱ्या चांगल्या हातघडणीच्या कपांमागे या परंपरेचा मोठा हात आहे.

खरेदी करताना पॉटरला तीनच गोष्टी विचाराव्यात : किती तापमानाला भाजले, आतल्या बाजूला कोणती झिलई आहे आणि ती आंबटात तपासली आहे का. चांगला पॉटर या प्रश्नांनी वैतागत नाही. उलट वहीच काढून दाखवतो. बरेच जण बाहेरून भडक, धातुमिश्रित झिलई लावतात आणि आतून मात्र साधी, पारदर्शक, तपासलेली झिलई ठेवतात, म्हणजे अन्न ज्याला लागते तो भाग निर्धोक राहतो. उत्तर नुसतेच 'शंभर टक्के सेफ' असे आले तर पुढच्या स्टॉलकडे वळावे. आणि शोभेची म्हणून विकलेली प्लेट शोभेचीच ठेवावी, पाहुणे आले म्हणून तिच्यात चटणी वाढू नये.

दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टी शंभर अंशांच्या खाली येते, तेव्हा झाकण उघडले जाते. काच आकसताना कपांमधून बारीक टिंग-टिंग आवाज येत राहतो. शंकू पाहिले जातात, वहीत नोंद होते. तळाच्या फळीवरचा शंकू नीट वाकलेला नसेल तर त्या फळीवरचे सहा वाडगे बाजूला निघतात. दिसायला ते वरच्यांइतकेच देखणे असतात. पुढच्या भट्टीत ते पुन्हा जातील, नाहीतर त्यांच्या तळाला छिद्र पाडून त्यांत कोरफड लावली जाईल.